दोन निळ्या पोर्टांचे चार दिवस

संगणकाच्या पुढच्या बाजूला जास्त वेगाचे दोन यूएसबी पोर्ट बसवायला एका जाणत्या माणसाला चार दिवस का लागावेत, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी हे लिहीत आहे. प्रश्न माझा नाही. आमच्या शाळेच्या कार्यालयातले सोनवणे भाऊसाहेब यांनी तो एका शुक्रवारी सकाळी स्टाफरूमच्या दारात उभे राहून विचारला होता.

"एम.जी. रोडच्या दुकानांत पोरं अर्ध्या तासात बसवून देतात, वर चहा पाजतात," ते म्हणाले. "आमचे सर मंगळवारपासून बसवताहेत. ओझरच्या कारखान्यातलं विमान जोडताहेत का काय?"

सगळे हसले. ज्यांच्याविषयी हे चालले होते ते भामरे सर खिडकीजवळ जेवणाचा डबा पुसत उभे होते. तेही हसले. मीही हसले. त्या खोलीत उत्तर ठाऊक असलेल्या दोनच व्यक्ती होत्या, आणि दोघांनीही हसून वेळ मारून नेली.

भामरे सर आमच्या नाशिकच्या शाळेत संगणक शिकवत आणि संगणकांची लॅब सांभाळत. मी गणित शिकवते. ते मूळचे सटाण्याकडचे. अंगाने बारीक, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दोन सारख्या घड्या घालून दुमडलेल्या. विद्यार्थ्यांशी ते पुस्तकासारखे शुद्ध बोलत. यंत्रापुढे एकटे असले की मात्र घरची अहिराणी तोंडात येई. एखादा संगणक उघडून आत डोकावताना "काय शे हाई?" म्हणजे 'काय आहे हे?' असे ते पुटपुटत. ते कुतूहल वाटे. पुष्कळ वर्षे मलाही तसेच वाटले. ती भीती होती, हे मला त्या चार दिवसांत कळले.

त्यांच्या काही सवयी सगळ्या शाळेला माहीत होत्या. लॅबमधल्या प्रत्येक वायरीला कागदाची बारीक पट्टी चिकटवलेली असे आणि तिच्यावर शाईने आकडा. फळ्यावर त्यांनी कधी रंगीत खडू वापरला नाही. सोनवणे भाऊसाहेबांनी "ते लाल रजिस्टर द्या हो सर" म्हटले की ते विचारत, "वरचं की खालचं?" वर लाल आणि खाली हिरवे रजिस्टर समोर दिसत असताना. भाऊसाहेब म्हणत, "सरांना सगळं आकड्यांत आणि पत्त्यांत लागतं." आम्ही याला शिस्त म्हणत असू.

आणखी एक सवय म्हणजे, स्वतः केलेली जोडणी ते स्वतः कधीच तपासत नसत. कुणीतरी जवळ असेल त्याला म्हणत, "एक मिनिट डोळे द्या." मग तो माणूस पाहून "बरोबर" म्हणेपर्यंत बटणाला हात लावत नसत. यामागचे त्यांचे कारण मला शिक्षिका म्हणून पटण्यासारखे होते. "मॅडम, आपण केलेली चूक आपल्याला दिसत नाही. आपल्याला जे करायचं होतं तेच दिसतं. मुलांना उत्तरपत्रिका परत वाचायला सांगतो आपण. वाचतात, आणि चूक तशीच ठेवून देतात." एका स्नेहसंमेलनात त्यांनी मंचामागची विजेची जोडणी केली आणि तपासायला कुणी मिळेना म्हणून पडदा दहा मिनिटे उघडू दिला नाही. मुख्याध्यापिका रागाने लाल झाल्या. शेवटी सरांनी विंगेत वाट पाहत असलेल्या प्रमुख पाहुण्यांनाच हात जोडून म्हटले, "साहेब, एक मिनिट डोळे द्या." पाहुणे साखर कारखान्यातले मोठे अधिकारी होते. ते हार घालून वाकले, फळीवरच्या वायरी पाहिल्या आणि "बरोबर वाटतंय" म्हणाले. "वाटतंय नको साहेब," सर म्हणाले. "पाहा." पाहुण्यांनी पुन्हा पाहिले. हा किस्सा आम्ही पुढे कितीदा तरी सांगितला, आणि दर वेळी सर त्यात अधिकच विनोदी होत गेले.

आता त्या पोर्टांकडे येते. ही आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा लॅबमधल्या सगळ्या संगणकांना जुने, काळे यूएसबी पोर्ट होते. नव्या जातीचे पोर्ट आतून निळे असतात. त्यांचा वेग कागदावर दहापट, प्रत्यक्षात तीन-चारपट. आणखी एक फरक वेगाइतकाच महत्त्वाचा आहे: जुना पोर्ट जोडलेल्या वस्तूला जेवढी वीज देतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट नवा देतो. लॅबमधल्या पहिल्या क्रमांकाच्या संगणकाला असे दोन पोर्ट पुढून बसवायचे, असे मुख्याध्यापिकांनी मंजूर केले होते. पुढूनच, कारण आमचे संगणक भिंतीला टेकून लोखंडी पिंजऱ्यांत ठेवलेले होते आणि मागे हात जात नसे. त्या संगणकाच्या मदरबोर्डवर निळ्या पोर्टांची जाड वायर लावायला जागा नव्हती. म्हणून आत एक वेगळे कार्ड बसवायचे, कार्डाला वीज द्यायची आणि कार्डातून वायर पुढच्या पट्टीपर्यंत आणायची. सगळे सामान आले होते. ते तीन आठवडे सरांच्या कपाटात पडून होते.

मंगळवारी दुपारी गावित मॅडम लॅबमध्ये आल्या. त्या इतिहास शिकवत. सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरून शिकून आलेल्या. हातात स्टीलचा डबा. मी तिथेच एका टेबलावर निकालपत्रक भरत बसले होते. त्यांनी डबा उघडला. आत फडक्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क होती, तळहाताएवढी.

"सर, हिची कॉपी करून द्याल? दोन तरी."

"काय आहे हिच्यात?"

"आमच्या पाड्याच्या वनहक्काच्या दाव्यांचं. म्हातारी माणसं जमिनीवर उभी राहून सांगताहेत, कुठून कुठपर्यंत कोण कसत होतं. दोन उन्हाळे मी कॅमेरा घेऊन फिरले. बावीस जणांचं बोलणं आहे." त्यांनी फडके सोडवले. "त्यातले पाच आता नाहीत."

"दुसरी प्रत?"

"भाच्याच्या लॅपटॉपवर होती. त्यानं लॅपटॉप विकला." त्या स्वतःवरच चिडल्यासारख्या बोलल्या. "सोमवारी सुनावणी आहे. तिथं जमा करायचंय. दुकानात गेले तर म्हणाले, ठेवून जा, मुंबईला पाठवू. मी नाही ठेवली."

सरांनी डिस्क पहिल्या क्रमांकाच्या संगणकाच्या काळ्या पोर्टाला लावली. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली, अगदी हळू. दहा मिनिटे झाली असतील. मग डिस्कमधून आवाज आला. टक. थोड्या वेळाने पुन्हा, टक, टक. पट्टी थांबली, आणि डिस्कचे नाव पडद्यावरून नाहीसे झाले.

सरांनी वायर काढली. डिस्क दोन्ही हातांत धरून ते जरा वेळ तसेच उभे राहिले.

"हिला वीज पुरत नाही," ते म्हणाले. "भुकेली राहते आणि मध्येच बसते. असं बसणं-उठणं आणखी दोन-चारदा झालं तर ही कायमची बसेल. आता हिला लावायची तर नीट लावायची, एकदाच." त्यांनी कपाटाकडे पाहिले. "निळे पोर्ट बसवावे लागतील."

"मग बसवा ना, सर."

"बसवतो," ते म्हणाले. त्या एका शब्दाला त्यांना फार वेळ लागला. शाळा सुटेपर्यंत त्यांनी पिंजरा उघडून संगणक बाहेर काढला आणि आतल्या प्रत्येक वायरीवर आकडे चिकटवले. मंगळवार त्यात गेला.

बुधवारी एक अडचण निघाली. नव्या कार्डाला वेगळी वीज लागत होती आणि संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, म्हणजे एसएमपीएसमधून, येणारी मोकळी वायर कार्डापर्यंत पोहोचत नव्हती. सरांनी एका जळालेल्या जुन्या एसएमपीएसची वायर कापून जोडतुकडा तयार करायचे ठरवले. अशा वायरीत चार तारा असतात: पिवळ्यातून बारा व्होल्ट येतात, लालमधून पाच, आणि मधल्या दोन काळ्या. हार्ड डिस्कला पाच व्होल्ट लागतात. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली तर तिला पाचाऐवजी बारा मिळतील. मग आतले बावीस आवाज कोणत्याही दुकानात परत मिळणार नाहीत.

मी त्यांच्यासमोर टेबलाच्या पलीकडे घटक चाचणीचे पेपर तपासत बसले होते. त्यांनी जुन्या वायरीचे टोक दोघांच्या मध्ये धरले. धुळीने तारांचे रंग मळले होते.

"मॅडम, डोळे द्या. डावीकडून रंग सांगा."

मी मान वर केली. "पिवळा, काळा, काळा, लाल." आणि पुन्हा पेपरात डोके घातले.

त्यांनी आकडे चिकटवले, तारा जोडल्या, वर टेप गुंडाळण्याआधी पुन्हा म्हणाले, "एक मिनिट डोळे द्या. रंगाला रंग लागलाय का पाहा."

मी एका मुलाचे गुण मिळवत होते. बेरीज चुकेल म्हणून मी वर पाहिले नाही. "हो, बरोबर," म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी टेप गुंडाळली. बुधवार संपला.

गुरुवारी तिसऱ्या तासाला गावित मॅडमना मोकळा तास होता. त्या डबा घेऊनच आल्या. डिस्क फडक्यातून काढलेली, तिची वायर बोटांभोवती गुंडाळलेली. "झालं ना, सर? लावू?"

"थोडं थांबा."

सरांनी मल्टिमीटर काढला. मोजण्याआधी ते नेहमी घड्याळातला नवा सेल मोजून पाहत. ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असे काहीतरी आधी मोजावे, म्हणजे मीटर खरे बोलतो की नाही ते कळते, असे ते मुलांनाही सांगत. मीटरने सेल दीड व्होल्टचा दाखवला. कार्ड अजून जोडलेले नव्हते. त्यांनी संगणक चालू केला आणि जोडलेल्या वायरीच्या मोकळ्या टोकाला, जिथे पाच यायला हवेत तिथे, मीटरची सुई लावली.

त्यांनी सुई काढली. पुन्हा लावली. मग बटण बंद केले.

"बारा," ते म्हणाले.

गावित मॅडमनी विचारले, "बारा म्हणजे जास्त आले. चांगलंच ना?"

"मॅडम, डिस्क डब्यात ठेवा," सर अगदी हळू म्हणाले. "झाकण लावा."

त्यांनी काही न विचारता झाकण लावले. मी उठून टेबलाला वळसा घालून सरांच्या बाजूला गेले, आणि तिथून मला आपली चूक दिसली. काल मी त्यांच्यासमोर बसले होते. मी माझ्या डावीकडून रंग वाचले. त्यांच्यासाठी ती उजवी बाजू होती. आकृतीची बाजू बदलली की डावे-उजवे बदलते, हे मी सातवीच्या वर्गाला दर वर्षी शिकवते. पण ती पहिली चूक होती आणि ती भरून निघाली असती. दुसऱ्यांदा विचारले तेव्हा मी नुसती मान वर केली असती, तर पिवळ्या तारेला लाल तार जोडलेली चौथीतल्या मुलालाही दिसली असती.

गावित मॅडम पुढच्या तासाला गेल्यावर मी म्हणाले, "सर, काल मी पाहिलं नाही. मी पेपर तपासत होते."

"माहीत होतं."

"मीटर लावल्यावर कळलं?"

"नाही, कालच. तुमचं 'बरोबर' फार लवकर आलं."

"मग तुम्ही मला परत का नाही पाहायला लावलं? पाहुण्यांनासुद्धा लावलंत तुम्ही."

लॅबचे दार उघडे होते. त्यांनी बाहेर कुणी नाही ना ते पाहिले आणि मग ते ज्या आवाजात बोलले, तो मी आधी ऐकला नव्हता. "तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, सर, पिवळा आणि लाल आहे समोर, तुम्हाला स्वतःला दिसत नाही का? मग मी काय सांगणार होतो?"

मी टेबलावरच्या तारांकडे पाहिले.

"मला दिसत नाही, मॅडम. लाल, हिरवा, मळका पिवळा, तपकिरी. सगळे एकाच घरातले वाटतात."

मग त्यांनी सांगितले. लहानपणी आई त्यांना पिकलेल्या लाल मिरच्या तोडायला शेतात पाठवी आणि ते हिरव्याच घेऊन येत. आईला वाटे, पोरगा आळशी आहे. मार खाऊन खाऊन त्यांनी मिरची बोटांनी दाबून ओळखायला शिकून घेतले. पुढे सटाण्यात संगणकदुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले. तेव्हाच्या संगणकांत पुढच्या पोर्टाच्या चार बारीक तारा सुट्या येत आणि एकेक करून लावाव्या लागत. त्यांनी एका संगणकात लाल आणि हिरव्या तारेची अदलाबदल केली. तपासलीही स्वतःच. एका छायाचित्रकाराने लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह त्या पोर्टात घातला आणि तो जळाला. कॅमेऱ्यातले फोटो त्याने आधीच पुसले होते.

"नवरीचे वडील आले," सर म्हणाले. "मला वाटलं, शिव्या देतील. ते बाकावर बसले. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, परत बसले. मी काम करत होतो आणि ते माझ्या हातांकडे पाहत होते. बोलले असते तर बरं झालं असतं. त्या रात्री मी बायकोपुढं तारा मांडल्या आणि म्हटलं, रंग सांग. ती हसली, तिला वाटलं, मी खेळतोय. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसणं थांबलं तिचं."

"शाळेत सांगितलं नाहीत?"

"माझी जागा विनाअनुदानित आहे, मॅडम. लॅब सांभाळणाऱ्याला वायरींचे रंग दिसत नाहीत, असं भाऊसाहेबांनी कार्यालयात एकदा म्हटलं तरी पुरे. म्हणून आकडे. म्हणून दुसऱ्याचे डोळे. माणूस खरंच पाहतो आहे तोवर मी सुरक्षित. ज्या दिवशी तो न पाहता बरोबर म्हणेल…" तो दिवस कालचा होता.

मी अनेक वर्षे या माणसाला डोळे देत आले होते. त्यांतल्या किती वेळा मी खरोखर पाहिले होते, हे मी तिथे उभी राहून आठवू लागले आणि मला एकही ठाम उत्तर देता येईना. लॅबमध्ये वीस संगणक होते. मुले त्यांना रोज हात लावत होती.

त्या संध्याकाळी सरांनी जोडलेली वायर कापून फेकून दिली आणि एम.जी. रोडवरून तयार जोडवायर आणली. शुक्रवारी सकाळी भाऊसाहेबांनी तो प्रश्न विचारला, त्याच्या आधी हे सगळे घडून गेले होते.

शुक्रवारी दुपारी आम्ही तिघे लॅबमध्ये जमलो. मी या वेळी सरांच्या समोर नव्हे, त्यांच्या शेजारी बसले. पेपर स्टाफरूममध्ये ठेवून आले होते. सरांनी कार्ड बसवले, तयार वायर लावली, निळ्या पोर्टांची जाड वायर कार्डात सरळ दाबली; ती वाकडी ओढली तर आतल्या पिना वाकतात, म्हणून दोन्ही अंगठे सारख्या जोराने. मी रंग पाहिले आणि प्रत्येक तारेवर बोट ठेवून मोठ्याने वाचले. "बरोबर आहे," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण बटण दाबले नाही.

ते गावित मॅडमकडे वळले. "मॅडम, डिस्क तुमची आहे. म्हणून तुम्हाला एक सांगायला हवं. मी जोडलंय, पण मला लाल आणि पिवळा वेगळा दिसत नाही. परवा चूक झाली होती. काल ती डिस्क लावली असती तर गेली असती. हे ऐकून तुम्हाला ती दुसरीकडे न्यायची असेल तर अजून शनिवार-रविवार आहे."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. परवाच्या चुकीत माझे नाव त्यांनी घेतले नव्हते. जे वाक्य त्यांनी कालपर्यंत शाळेत कुणापुढे उच्चारले नव्हते, ते आता कार्यालयापासून तीन दारांवर उच्चारून झाले होते. गावित मॅडमनी ते जेवणाच्या सुट्टीत सहज कुणाला सांगितले असते तरी सरांची जागा गेली असती.

डब्याचे झाकण गावित मॅडमनी अंगठ्याने दाबून धरले होते. तिकडे पाड्यावर सोमवारची वाट पाहणारी घरे होती आणि त्यांच्या वतीने त्यांना एकटीनेच ठरवायचे होते.

"काय बघायचं ते मला सांगा," त्या शेवटी म्हणाल्या. "मी पण बघते."

सरांनी त्यांना बाजूला बसवले आणि वर्गात समजावतात तसे समजावले: हा पिवळा इकडून येतो, याला पिवळाच मिळायला हवा. गावित मॅडम वाकून पाहत राहिल्या. एवढा वेळ की मला वाटले, काही चुकले आहे. "मिळतंय," त्या म्हणाल्या. "चारही."

मग सेल मोजला, दीड. बटण दाबले. निळ्या पोर्टात मीटर लावण्यासाठी सरांनी एक कापलेली यूएसबी वायर ठेवली होती. मी आकडा वाचला, "पाच पूर्णांक एक दशांश." गावित मॅडमनी स्वतः वाकून तोच वाचला. मग पोर्टात आधी एक जुना छोटा दिवा लावला. "हा गेला तर रडणारं कुणी नाही," सर म्हणाले. दिवा लागला. मग माउस लावला, तोही चालला. मग सरांनी स्वतःचा पेनड्राइव्ह लावला आणि उघडून पाहिला.

"आता लावा," ते म्हणाले, "तुमच्या हातानं." आणि उठून लॅबच्या बाहेर गेले.

गावित मॅडमनी डिस्क लावली. काही सेकंद काहीच झाले नाही. त्या सेकंदांत मी किती मोजले ते मला आठवत नाही, पण मी मोजत होते. मग डिस्कचा दिवा लुकलुकला आणि तिचे नाव पडद्यावर आले. पट्टी सरकू लागली. दहा मिनिटे गेली. टक असा आवाज येईल म्हणून आम्ही दोघी बोलतही नव्हतो. वीस मिनिटे गेली. दारातून मला व्हरांडा दिसत होता. सर कठड्यावर दोन्ही तळवे टेकून आमच्याकडे पाठ करून उभे होते. मैदानात मुले कबड्डी खेळत होती, पण ते मैदानाकडे पाहत नव्हते. मान खाली होती.

पाऊण तासाने पट्टी भरली. मी दारात जाऊन म्हणाले, "सर, झालं."

त्यांनी वळून पाहिले नाही. "उघडून पाहिलं का?"

मी आत गेले. गावित मॅडमनी प्रतीतली एक फाइल उघडली. एक म्हातारा उन्हात उभा होता, हातात काठी. त्याने काठी लांबवर रोखली आणि तो बोलू लागला, "हा आंबा माझ्या बापानं लावेल हाय. हितून त्या धोंड्यापावतर आमी नाचणी करत व्हतो. साहेब लोक इचारतील त्यांना सांगा, मी उभा हाय तीच हद्द." गावित मॅडमनी पदर तोंडाला लावला. हा माणूस त्या पाचांतला होता.

आवाज व्हरांड्यापर्यंत पोहोचला असणार. मी पुन्हा दारात गेले तेव्हा सरांचे तळवे कठड्यावर तसेच होते, पण मान वर आली होती आणि ते कान देऊन ऐकत होते. म्हाताऱ्याचे बोलणे संपले तरी ते वळले नाहीत.

"सगळ्या उघडा, मॅडम," ते तसेच पाठमोरे म्हणाले. "एकीवरून ठरवू नका."

आम्ही बावीसही उघडल्या. शेवटची उघडेपर्यंत शाळा सुटली होती, आणि ते तिथेच उभे होते. त्यांना मी त्यानंतरही काही वर्षे रोज पाहिले. पण भामरे सर म्हटले की मला दिसते ती ही पाठ.

सोमवारी सुनावणीत त्या फाइली उघडल्या, एवढे गावित मॅडमनी आल्यावर सांगितले. दाव्यांचा निकाल ही लांबची गोष्ट आहे, आणि त्यातला काही भाग अजून लागायचा आहे. सरांच्या डोळ्यांविषयी गावित मॅडम कुणापाशी बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. भाऊसाहेबांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. ते आजही चार दिवसांचा विनोद करतात. सर निवृत्त होऊन सटाण्याला गेल्यावर मी त्यांना फोनवर विचारले की हे लिहू का. ते म्हणाले, आता माझी जागा कुणी काढून घेणार नाही, लिहा. आणि विचारले, लिहिलेलं कुणी तपासणार आहे का?

या लेखात मी वायरींचे रंग आणि व्होल्ट सांगितले आहेत. ते मी पाहून लिहिले आहेत असे मला वाटते. पण न पाहता "बरोबर" म्हणणारी मीच होते. तेव्हा वाचकांना विनंती आहे की त्यांवर विसंबून काही जोडू नये. आधी स्वतः मीटर लावून मोजून पाहावे.